परक्या राजाचा छाप

लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर राणीछाप रुपया नसावा, असं माझं पूर्वी ठाम मत होतं. ज्या राजवटीने आपल्याला गुलाम केलं, तिच्या महाराणीच्या मुखड्याला आपण हळदकुंकू का वाहायचं? वसईच्या आमच्या घरी आईच्या बटव्यात आजोबांच्या वेळचे असे थोडे रुपये होते. ते आटवून लक्ष्मीची नाणी करून घेऊ, असा लकडा मी दर दिवाळीला लावायचो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली ज्या गावातून पोर्तुगीजांचं निशाण उतरवलं, तिथे तरी हे चालू नये, असंही ऐकवायचो. आई एवढंच म्हणायची, "अरे, बंदा रुपया आहे तो. कुठेही टाक, वाजतो." हे उत्तर मला पटायचं नाही.

मत हललं ते सोपाऱ्यामुळे. नालासोपाऱ्याच्या 'बुरूड राजाचा कोट' म्हणतात त्या स्तूपात पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उत्खनन केलं. दगडी पेटीत आठ बुद्धमूर्ती निघाल्या. त्यांच्या मधोमध करंडकांत करंडक होते: तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याची फुलं निघाली, भिक्षापात्राचे तुकडे निघाले. आणि याच ठेव्यात एक लहानसं, न झिजलेलं चांदीचं नाणं होतं, सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचं. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. आपल्या दारातली ही गोष्ट मला इतक्या उशिरा कळावी, याची हळहळ आजही वाटते.

त्या जातीच्या नाण्यावर एका बाजूला राजाचं मस्तक असतं आणि दुसऱ्या बाजूला डोंगर, उज्जैनचं चिन्ह, खाली पाण्याची नागमोडी रेघ. राजाचं मस्तक घालायची रीत सातवाहनांची नव्हे. ती त्यांच्या हाडवैऱ्यांची, पश्चिम क्षत्रपांची. क्षत्रपांनी ती ग्रीक राजांच्या नाण्यांवरून उचललेली. म्हणजे सोपाऱ्याच्या स्तूपात श्रद्धेने ठेवलेलं नाणंच मुळात परक्या घडणीचं होतं.

मग जोगळटेंभीचं वाचलं. नाशिकजवळच्या या गावी १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून मोठा. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर नहपानाला धूळ चारणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीचे ठसे आहेत. त्याने चांदी आटवली नाही. शत्रूच्या चेहऱ्यावरच आपला डोंगर उमटवला आणि नाणं पुन्हा बाजारात सोडलं. काही नाण्यांवर ठशाखालून नहपानाचं नाक, हनुवटी अजून डोकावते. सातकर्णीला स्वाभिमान कमी होता, असं कोण म्हणेल? माझ्या समजुतीप्रमाणे त्याने एवढंच ओळखलं होतं की बंदरातल्या आणि घाटावरच्या व्यापाऱ्यांच्या हाताला त्या चांदीचं वजन माहीत आहे, आणि ती ओळख पुसण्यात राज्याचंच नुकसान आहे.

हीच नजर घेऊन मराठी टांकसाळींकडे पाहिलं तेव्हा जुना सल निघाला. शिवछत्रपतींनी होन आणि शिवराई देवनागरीत पाडली, त्याचा अभिमान आहेच. पण पेशवाईतला पुण्याचा अंकुशी रुपया मुघल बादशहाच्या नावाचा, फारसी अक्षरांचा. त्यावर आपली खूण म्हणून अंकुश तेवढा. मला याची लाज वाटायची. कंपनी सरकारचंही तेच. शाहआलम १८०६ साली वारला, तरी मुंबईतला कंपनीचा रुपया १८३५ पर्यंत त्याच्याच नावाने पडत राहिला. तलवार कुणाचीही असो, चांदीच्या बाजारात नाव चालायचं ते सवयीचं. सवय सोडली की सराफाचा बट्टा पडलाच.

आणि मग राणीछाप रुपया मी पहिल्यांदा नीट पाहिला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी. कडेला बारीक दाते, कुणी कड कातरली तर लगेच कळावं म्हणून. १८६२च्या रुपयावर राणीच्या मुकुटाची आणि वस्त्राची वेलबुट्टी इतकी बारीक की झीज प्रथम तिथेच दिसते. गावोगाव तराजूत वजन म्हणून हाच रुपया पडत असे. एकदा वसईतल्या एका सराफाकडे आईचा रुपया आणि दुसऱ्या दुकानातलं लक्ष्मीचं नाणं असं दोन्ही नेलं. रुपया त्यांनी काचेवर टाकला, नादाला कान दिला, कडेवरून नख फिरवलं आणि वजनावर भाव सांगितला. लक्ष्मीच्या नाण्याला आधी कस लावला, मग घट धरली. आईचं म्हणणं मला त्या दिवशी उमगलं. रुपये आटवायचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

तरी छापातल्या चित्राला किंमत नाही, असं मी म्हणणार नाही. १९११ साली पंचम जॉर्जचा रुपया निघाला. त्याच्या झग्यावरचा चिमुकला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली आणि सरकारला तो ठसा बदलावा लागला. लोक नाण्याकडे इतकं निरखून पाहतात. आणि १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली तेव्हा ती फसगतही त्यांनी अचूक ओळखली. जुने रुपये पेटीत गेले, नवे खर्चात.

सरकारने ५ नोव्हेंबर २०१५ रोजी सोन्याचं राष्ट्रीय नाणं आणलं, एकीकडे अशोकचक्र, दुसरीकडे गांधीजी. चांदीची स्मारक नाणी निघतात, पण पगारदार माणसाने धनत्रयोदशीला घ्यावं आणि अडीअडचणीला मोडावं असं चांदीचं राष्ट्रीय नाणं नाही. असं नाणं निघावं, ही माझी जुनीच इच्छा. पूर्वी मला त्यावर दरवर्षी नवं, दिमाखदार चित्र हवं होतं. आता वाटतं, चित्र एकच असावं आणि पिढी दोन पिढ्या बदलू नये. अमेरिकेने १९८६ साली चांदीचं नाणं काढलं तेव्हा दर्शनी बाजूसाठी नवं चित्र शोधलं नाही. वाइनमनने १९१६ साली अर्ध्या डॉलरसाठी घडवलेली चालती स्वातंत्र्यदेवताच पुन्हा घेतली.

मला विचाराल तर आपल्या नाण्यावर सातवाहनांचा डोंगर आणि त्याखालची पाण्याची रेघ असावी. वजन दहा ग्रॅम, कारण आजचा सराफ त्यालाच तोळा म्हणतो. शुद्धता देवनागरीत ठळक हवी. टांकसाळ फोर्टमधलीच, मुंबईची, चौकटीच्या खुणेची. आणि विरारपासून पालघरपर्यंतच्या कुठल्याही सरकारी बँकेने ते त्या दिवसाच्या भावाने, घट न धरता परत घ्यावं.