धान्याच्या पेंढीचा मान

काळ्या समुद्राच्या उत्तरेस पसरलेला युक्रेन देश आपल्या काळ्याभोर, कसदार जमिनीबद्दल प्रसिद्ध आहे. अशा देशाचा सर्वांत जिव्हाळ्याचा सण धान्याभोंवतीं गुंफलेला असावा, हें साहजिकच होय. नाताळच्या आदल्या रात्रीच्या या सणास तेथें ‘स्व्यात-वेचिर’, म्हणजे पवित्र संध्याकाळ, असें म्हणतात. पश्चिमेकडील ल्विव शहरीं व कार्पेथियन डोंगरांतील खेड्यांत त्याच्या जुन्या चालीरीती विशेष जपलेल्या आहेत.

त्या दिवशीं उपास असतो. सायंकाळीं मुलें आकाशांत पहिला तारा शोधूं लागतात. तो उगवला कीं घरचा कर्ता पुरुष ‘दिदुख’ घरांत आणतो. दिदुख म्हणजे कापणीच्या वेळीं राखून ठेवलेली धान्याची पेंढी. तींत पूर्वजांचा वास असतो अशी समजूत असल्यानें तिला देवाच्या तसबिरींखालीं मानाची जागा मिळते.

नंतर मेजावर गवत पसरून त्यावर भरतकामाची चादर घालतात व बारा पदार्थ मांडतात. मांस व दूधदुभतें वर्ज्य. मासे मात्र चालतात. पहिला मान ‘कुत्या’चा. शिजविलेले गहूं, खसखस व मध यांचा हा पदार्थ आपल्या गव्हाच्या खिरीच्या जातीचा, पण दुधावांचून केलेला. मग बिटाचें तांबडें सार ‘बोर्श्च’, सारण भरून गुंडाळलेलीं कोबीचीं पानें, करंजीसारखे दुमडून पाण्यांत उकडलेले ‘वारेनिकी’ आणि सुकीं फळें उकळून केलेलें ‘उझ्वार’ हें पेय. मुलें वडीलधाऱ्या आप्तांकडे यांतील पदार्थ पोंचवितात आणि कागदी तारा घेऊन गाणाऱ्यांचीं टोळकीं दारोदार फिरतात.

या पेंढीचा एवढा मान कां, हें समजण्यास इतिहास पाहिला पाहिजे. १९३२-३३ सालीं सोव्हिएट सरकारनें शेतकऱ्यांचें धान्य हिरावून नेलें आणि मध्य व पूर्व युक्रेनांत लक्षावधि माणसें अन्नान्न करून मेलीं. ७ ऑगस्ट १९३२ च्या फर्मानान्वयें सामुदायिक शेतांतील चार कणसें वेंचणाऱ्यासही दहा वर्षांची कैद वा मृत्युदंड होऊं शके. लोक त्यास ‘पांच कणसांचा कायदा’ म्हणत. ल्विव त्या वेळीं पोलंडच्या अंमलाखालीं होतें. तेंही पुढें सोव्हिएट सत्तेखालीं आलें. सरकारनें नाताळ मागें सारून नववर्षाचा उत्सव पुढें केला; तरी पुष्कळ घरांत बंद दाराआड कुत्या शिजतच राहिला.

१९९१ सालीं देश स्वतंत्र झाला. २०१७ पासून ७ जानेवारीबरोबर २५ डिसेंबरलाही सुटी मिळूं लागली आणि २०२३ च्या कायद्यानें २५ डिसेंबर हाच एक दिवस कायम ठेवला. रशियन चर्चच्या पंचांगापासून घेतलेली ही फारकत होती. कांहीं घरें अद्याप जुनीच तिथि पाळतात.

तिथि कोणतीही असो, एक रीत बहुधा मोडत नाहीं. मेजावर एक पान जास्त मांडतात आणि जेवण झाल्यावरही कुत्याचें भांडें व चमचे रात्रभर तसेच ठेवतात. गेलेलीं माणसें येऊन चार घांस खातील, ही त्यामागील भावना. फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें चढाई केल्यापासून कित्येक घरांत तें पान रणांगणावर गेलेल्या मुलाच्या नांवानें मांडलें गेलें आहे.