पाठ, पाणी नि वज्रेश्वरी

वज्रेश्वरी म्हटलं की शाळेची सहल आठवते, नाहीतर आजीचा नवस. मुंबई-ठाण्यातल्या आपल्या पिढीच्या वीकेंड लिस्टमध्ये हे नाव सहसा नसतं. ना बीच, ना व्ह्यू पॉइंट, ना धड कॉफी. पण गुडघे धरलेल्या, कंबर गेलेल्या, खांदा जखडलेल्या मंडळींना विचाराल तर तानसा नदीकाठचा हा छोटासा पट्टा म्हणजे साक्षात स्पा आहे, तोही बिलाशिवाय. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. जमिनीतून गरम पाणी येतं, त्यात बसायचं आणि दुखणं तिथेच सोडून यायचं. निदान माझ्या मावशीचं तरी हेच म्हणणं आहे.

मावशी वसईची. वय ६६, दोन्ही गुडघे झिजलेले, आणि दर थंडीत कुंडाच्या दोन-तीन वाऱ्या ठरलेल्या. मी ३३ ची, ऐरोलीत आयटीवाली. माझं दुखणं पाठीचं. 'खुर्ची बदल' टाइपचं नाही. पहाटे तीन-चारला जाग यायची, कंबरेच्या खाली दोन्ही बाजूंना ठणका, सकाळी उठल्यावर तासभर लाकडासारखी पाठ. गंमत म्हणजे झोपून राहिलं की वाढायचं आणि चालायला लागलं की कमी व्हायचं. तीन वर्षं सगळ्यांनी 'पोश्चर सुधारा' म्हणून परत पाठवलं. शेवटी एका ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने दहा मिनिटं नीट प्रश्न विचारले, एमआरआय आणि एचएलए-बी२७ ची टेस्ट करायला लावली आणि नाव सांगितलं: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. मणक्यांच्या सांध्यांना सूज येते, आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहिली तर काही जणांचे मणके एकमेकांना चिकटतात. पंचेचाळिशीच्या आत, बहुतेकदा विशी-तिशीत सुरू होणारं दुखणं. तेव्हा मंडळी, तुमचीही पाठ तीन महिन्यांपेक्षा जास्त दुखत असेल, आरामाने वाढत असेल आणि हालचालीने कमी होत असेल, तर गादी बदलण्याआधी डॉक्टर बदला.

आता मला इंजेक्शनं सुरू आहेत. मावशीला ती अजिबात पसंत नाहीत. ''एवढ्या कोवळ्या वयात कसल्या त्या सुया टोचून घेतेस? सुया बंद कर आणि एकवीस दिवस माझ्याबरोबर कुंडात बस,'' हे तिचं दर रविवारी फोनवरचं वाक्य. सुया बंद होणार नव्हत्या. पण कुंडात बसायला काय हरकत होती? डॉक्टरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, जा, पण अंगावर जखम नको, डोकं बुडवायचं नाही, नाका-तोंडात पाणी जाऊ द्यायचं नाही, दहा मिनिटांत बाहेर. या इंजेक्शनांनी प्रतिकारशक्ती थोडी दबते, त्यामुळे सार्वजनिक पाण्यात जपून.

मग काय, डिसेंबरातला एक मंगळवार, एक कॅज्युअल लीव्ह, आणि मागच्या सीटवर मावशी.

शिरसाड फाटा ते कुंड

अहमदाबाद हायवेने विरार मागे टाकलं की शिरसाड फाटा लागतो. तिथून उजवीकडे अंबाडीच्या दिशेने आत शिरलं की दहा-बारा किलोमीटरवर वज्रेश्वरी. रस्ता कसा आहे ते माझ्या पाठीला विचारा. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी वसईहून एसटी. मावशी आयुष्यभर एसटीनेच गेली आणि ''गाडीपेक्षा एसटीची सीट बरी,'' हेही तिने मला वाटेत दोनदा ऐकवलं.

देवीचं देऊळ बघितलंत तर थबकाल. देऊळ कमी, किल्ला जास्त. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. मोहिमेआधी त्यांनी देवीला नवस केला होता असं सांगतात, आणि त्याच नवसाचं हे देऊळ. वर नगारखाना, आणि पोहोचायला पन्नासेक दगडी पायऱ्या. म्हणजे गुडघेदुखीवर उतारा मागायला आलेल्या भक्ताची पहिली परीक्षा गुडघ्यांचीच! मावशी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा धरून चढली. तिला वर पोहोचायला माझ्यापेक्षा तिप्पट वेळ लागला. फोनवर 'बरं आहे गं' म्हणणारी मावशी प्रत्यक्षात किती जपून चालते, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

तिथून दीडदोन किलोमीटरवर अकलोली, आणि तेवढ्याच अंतरावर दुसरीकडे गणेशपुरी. गणेशपुरीला भगवान नित्यानंदांची समाधी आहे, ते १९६१ मध्ये गेले. भीमेश्वराच्या देवळाला लागून दगडी बांधणीची कुंडं आहेत. पाण्यावर हलकी वाफ, नाकाला गंधकाचा वास. अगदी उकडलेल्या अंड्यासारखा नाही, पण त्याच खानदानातला.

पाणी गरम का? मावशीकडे दोन उत्तरं आहेत. एक, देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त. दोन, खाली गंधक जळतंय. भूगर्भवाल्यांचं उत्तरही कमी भारी नाही. इथे जिवंत ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी कातळातल्या भेगांमधून खूप खोल झिरपतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी उष्णता वाढते, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. असे झरे पालघरमधल्या कोकणेरपासून खाली राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी ओळीने आहेत: सातिवली, पालीजवळचं उन्हेरे, दापोली-खेडकडचं उन्हवरे, संगमेश्वरजवळचं तुरळ. गावाच्या नावातच 'ऊन' असेल तर टॉवेल बरोबर ठेवा!

पाण्यात उतरायचं तर आधी पायाची बोटं. आई गं! मग घोटे, मग पोटऱ्या. बायका अंगावरच्या कपड्यांसकट उतरतात. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी अकलोलीच्या बाजूला काही लॉजमध्ये झऱ्याचं पाणी बंद न्हाणीघरात आणलेलं असतं. मी गळ्यापर्यंत बसले. पहिली दोन मिनिटं नुसती कातडी भाजल्यासारखी. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कंबरेखालची, महिनोन्महिने आवळलेली मूठ कुणीतरी एकेक बोट सोडवत उघडावी तसं झालं. शेजारी भिवंडीहून आलेली एक काकू, तिच्या पलीकडे सुनेचा हात धरून बसलेली एक आजी. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: ''तुमचं काय दुखतं?'' मी पाठ सांगितली. ''एवढ्या लहान वयात?'' झालं, पुढची पाच मिनिटं मला सल्ले.

दहा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा वाकून चपलेचा बंद लावला. स्वतः. अनेक दिवसांनी. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू केस जिंकली.

गंमत दोन तास टिकली. परतीच्या वाटेवर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये मूठ पुन्हा आवळायला लागली.

पाणी नेमकं करतं काय?

हा प्रश्न मला छळत राहिला. कारण ते दोन तास खोटे नव्हते. रजिस्टर्ड फिजिओथेरपिस्ट असलेल्या मैत्रिणीला पकडलं आणि मग थोडं वाचलंही.

पहिलं म्हणजे वजन. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर साधारण निम्माच भार येतो. छातीपर्यंत गेलात तर एक तृतीयांशाच्या आसपास, मानेपर्यंत गेलात तर दहा टक्केच. म्हणजे ७२ किलोची मावशी छातीभर पाण्यात जेमतेम २४-२५ किलोची! दुसरं, उबेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आवळलेले स्नायू सैल पडतात. तिसरं, पाण्याचा दाब सुजलेल्या पावलांना चारी बाजूंनी मोज्यासारखा आवळतो. यातलं काहीही गंधकामुळे होत नाही. गंधक कातडीतून आत जाऊन सांधा दुरुस्त करतं याला भक्कम पुरावा नाही.

आणि इथेच मला सापडली २००१ मधली एक डच चाचणी, थेट माझ्याच दुखण्यावर. १२० पेशंट, चाळीसचे तीन गट. एक गट तीन आठवडे ऑस्ट्रियातल्या बाड हॉफगास्टाइनला, एक नेदरलँड्समधल्या आर्सेन नावाच्या ठिकाणी, तिसरा घरीच. औषधं सगळ्यांची सुरू, आठवड्याला ग्रुप फिजिओथेरपीही सगळ्यांना. स्पाला गेलेल्यांना जास्त बरं वाटलं, आणि ऑस्ट्रियावाल्यांचा फायदा चाळीस आठवडे टिकला. वाचून मावशीला फोन लावणारच होते, तेवढ्यात पुढचं वाचलं. ती मंडळी तिथे नुसती पाण्यात बसून नव्हती. चालणं, व्यायाम, पाण्यातला व्यायाम, खेळ असा भरगच्च कार्यक्रम होता. गुडघ्या-खुब्याच्या झिजेवर पाण्यातल्या व्यायामाच्या १३ चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेनचा २०१६ चा आढावाही तेच सांगतो: दुखणं आणि अडचण कमी होते, थोडीच आणि थोड्या काळासाठी, पण होते. शब्द लक्षात घ्या, पाण्यातला 'व्यायाम'.

म्हणजे कुंडातल्या त्या दोन तासांत मला बरं केलेलं नव्हतं, वेळ दिला होता. आणि तो वेळ मी कारमध्ये बसून घालवला.

छातीभर पाण्यात

मग ठाण्यातल्या एका फिजिओ सेंटरचा पूल गाठला. दिसायला निराशाजनक. निळ्या टाइल्स, क्लोरीनचा वास, हॉटेलच्या पूलच्या निम्मा. पाणी ३४ अंश, म्हणजे अंघोळीला कोमट वाटेल असं. कुंडातल्या पाण्यात दहा मिनिटांत जीव घाबरा होतो, इथे अर्धा-पाऊण तास हलता येतं. फरक एवढाच, आणि तोच महत्त्वाचा.

छातीभर पाण्यात पुढे चालायचं, मग उलटं, मग आडवं. पाठ भिंतीला लावून हात वर. फोमच्या नूडलवर उताणं तरंगायचं आणि छाती भरून श्वास, कारण या दुखण्यात बरगड्यांचे सांधेही आखडतात. पाण्याचा दाब छातीवर असतो, त्यामुळे साधा श्वासही व्यायाम होतो. पहिल्या दिवशी घरी जाऊन आठ वाजताच झोपले. दुसऱ्या दिवशी पाठ नव्हे, चक्क मांड्या दुखत होत्या, जिममध्ये पहिल्यांदा गेल्यावर दुखतात तशा. आठवड्यातून दोनदा, असे तीन महिने झालेत. पहाटेची जाग गेलेली नाही, पण रोजची राहिलेली नाही. सकाळचा लाकूड-अवर एका तासावरून वीसेक मिनिटांवर आलाय. यात सुयांचा वाटा किती आणि पाण्याचा किती, ते डॉक्टरही सांगत नाहीत. सुया सुरूच आहेत.

चौथ्या आठवड्यात मावशीला नेलं. स्विमिंग कॉस्च्युमवरून आधी महाभारत झालं, मग लेगिंग आणि टी-शर्टवर तह. ''हे काय बाई, कोमट पाणी! यात कुणाला बरं वाटणार?'' पण फिजिओच्या पोरीने ''काकू, कठडा सोडा,'' म्हटलं आणि मावशी कठडा सोडून चालली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवणारी ही बाई, सरळ, न लंगडता. त्या टोकाला पोहोचून वळली तेव्हा काहीच बोलली नाही. मावशी गप्प बसणं ही घरातली ऐतिहासिक घटना आहे.

कुंड तिने सोडलेलं नाही, सोडणारही नाही, आणि मीही सोडा म्हणत नाही. फक्त काही गोष्टी तिला पटवल्यात, तुम्हीही ऐका. हार्टचा त्रास, चढ-उताराचं ब्लड प्रेशर, गरोदरपण असेल तर गरम कुंडाआधी डॉक्टरांना विचारायचं. डायबिटीसने पावलं बधिर झाली असतील तर भाजलेलं कळत नाही, तेव्हा पाणी दुसऱ्याने हाताने तपासायचं. एखादा सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला असेल तर त्या दिवशी गरम पाणी नकोच. डोकं बुडवायचं नाही. कोमट गोड्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो, केरळात २०२४ मध्ये अशा केसेस झाल्यात. दुर्मीळ आहे, पण नाक पाण्याबाहेर ठेवायला पैसे पडत नाहीत. आणि पावसाळ्यात तानसेला पाणी असताना नदीकाठच्या झऱ्यांकडे फिरकायचं नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. चैत्रातल्या जत्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत, मधल्या वारी. या वेळी मावशी नुसती बसली नाही. कुंडाचा काठ धरून उभी राहिली आणि उजवा पाय बाजूला उचलायला लागली. एक, दोन, तीन. मग डावा. शेजारच्या दोघी-तिघी बघत होत्या. शेवटी एकीने विचारलंच, ''हा कुठला नवस हो, ताई?''

''नवस नाही गं, फिजिओ आहे,'' मावशी म्हणाली. ''चल, तूही उचल. दहा वेळा.''