खंड्याच्या वाटेवर

सुट्टी लागली की भाच्यानं मामाकडे जायचं, ही आपल्याकडची रीत. माझ्या बाबतीत उलटंच झालं! मामाच बॅग भरून भाच्याकडे गेला, अन् तोही थेट आयर्लंडला.

माझी धाकटी बहीण डब्लिनला राहते. तिचा मुलगा नचिकेत चौदा वर्षांचा. मी पोहोचलो त्याच रात्री त्यानं माझ्यापुढे एक नकाशा पसरला. कागदावर निळ्या शाईचे शिंतोडे उडावेत, तशी त्यावर तळीच तळी होती.

"मामा, तू आणि मी. तीन दिवस. सायकलवरून इथं जायचं."

शाळेत असताना मी रोज दहा किलोमीटर सायकल मारायचो, ही बढाई फोनवरून कितीदा तरी मारून झाली होती. आता माघार कशी घेणार? नकाशातल्या एका वाटेवर 'किंगफिशर ट्रेल' असं लिहिलेलं होतं. किंगफिशर म्हणजे आपला खंड्या. खंड्याची वाट! शेकडो किलोमीटर लांबीची ही वाट इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दोन वेटोळी घालते. आम्ही तिचा एक छोटासा तुकडा आणि आजूबाजूचे गावरस्ते धरून जाणार होतो.

"खंड्या दिसेल का रे पण?" मी विचारलं.

"दिसायलाच हवा. आजीला सांगून ठेवलंय मी."

निघताना बहीण म्हणाली, "दादा, रेनकोट वरच ठेव हं. पिशवीच्या तळाशी ठेवलास तर काढेपर्यंत भिजशील." तिचं म्हणणं किती खरं होतं, ते पुढे कळलंच.

अंड्यांची टोपली

डब्लिनहून आगगाडीत सायकली चढवून आम्ही कॅरिक-ऑन-शॅनन या गावी उतरलो. शॅनन ही आयर्लंडमधली सर्वांत लांब नदी, सुमारे ३६० किलोमीटरची. तिच्या काठाला पांढऱ्या होड्या रांगेनं बांधलेल्या होत्या. आम्ही सायकलींवर पिशव्या बांधल्या, हवा तपासली आणि निघालो. वाहतूक आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूनं, त्यामुळे तेवढी एक काळजी मिटली.

आयर्लंडचं अख्खं बेट आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून जरासंच मोठं आहे. पण या भागात जमीन जास्त की पाणी जास्त, असा प्रश्न पडतो. तळ्याला इथं 'लॉख' म्हणतात. त्यातला 'ख' अगदी घशातून काढायचा. नचिकेतनं मला तो दहा वेळा म्हणायला लावला.

इतकी तळी आली कुठून? त्याचं उत्तर हिमयुगात आहे. तेव्हा या प्रदेशावर बर्फाचे प्रचंड थर होते. ते सरकताना खालचा दगडगोटा आणि चिकणमाती घासत, लोटत नेत. बर्फ वितळला, आणि मागे राहिल्या मातीच्या गोल-लांबट टेकड्या. यांना 'ड्रमलिन' म्हणतात. पाठीच्या कण्यासाठी किंवा डोंगरधारेसाठी आयरिश भाषेत जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडलं. विमानातून पाहिलं तर टोपलीत अंडी मांडून ठेवल्यासारखा हा मुलूख दिसतो, असं भूगोलाच्या पुस्तकांत लिहितात. अंड्यांच्या मधल्या फटींत पाणी साचलं, की झाली तळी!

पुस्तकात हे वाचायला छान वाटतं. सायकलवर मात्र प्रत्येक अंडं चढावं आणि उतरावं लागतं! एकही टेकडी उंच नाही, पण एक संपली की दुसरी हजर. पाचव्या टेकडीला मी खाली उतरून सायकल ढकलायला लागलो. नचिकेत वर जाऊन थांबायचा आणि घंटी वाजवायचा. शहाण्या मुलानं असं करू नये.

आणि पाऊस! आपला पाऊस कसा, आला की धो धो कोसळतो. तिथला नुसता भुरभुरतो, दहा मिनिटं थांबतो, ऊन पडतं, इंद्रधनुष्य उमटतं, की पुन्हा भुरभुर. दिवसभरात आठ वेळा मी रेनकोट चढवला आणि आठ वेळा उतरवला. पण त्या पावसामुळेच सगळं इतकं हिरवंगार. कुरणात काळ्या-पांढऱ्या गाई बसलेल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं आणि त्यांत रानगुलाब. मधूनच एखाद्या घराच्या धुराड्यातून जळक्या मातीचा वास यायचा. ही माती म्हणजे पीट. दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींपासून ती तयार होते. तिच्या विटा कापून, वाळवून चुलीत घालत. आता मात्र दलदली वाचवण्यासाठी हे कमी करत आणलं आहे.

वाटेत छपरं उडालेली, भिंतींवर वेली चढलेली दगडी घरं दिसत होती. मला वाटलं, कुणीतरी नवं घर बांधून गेलं असेल. पण कारण वेगळंच निघालं. १८४५ पासून काही वर्षं बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं सगळं जेवणच बटाट्यावर. त्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. पुढेही लोक जातच राहिले. आम्ही जात होतो त्या लीट्रिम परगण्यात १८४१ साली दीड लाखाहून जास्त लोक होते. २०२२ च्या जनगणनेत ते जेमतेम पस्तीस हजार भरले! हे कळल्यावर आम्ही त्या पडक्या घरांपाशी घंटी वाजवायचं आपोआप बंद केलं.

पाण्याच्या पायऱ्या

आमचा रस्ता एका कालव्याच्या सोबतीनं जात होता. शॅनन आणि अर्न या दोन नद्यांना जोडणारा हा ६३ किलोमीटरचा जलमार्ग. त्यावर १६ लॉक आहेत. लॉक म्हणजे होड्यांसाठी पाण्याची पायरी. होडी दोन दारांमधल्या हौदात शिरते, मागचं दार बंद होतं. हौदात पाणी सोडलं की होडी हळूहळू वर उचलली जाते. मग पुढचं दार उघडतं. आठ पायऱ्या चढायच्या आणि आठ उतरायच्या. आम्ही पाहिलं तेव्हा एक आई आणि तिच्या दोन मुली स्वतःच बटणं दाबून दारं उघडत होत्या.

या कालव्याची गंमत ऐका. तो १८६० साली बांधून झाला, तोवर आगगाडी आलेली. मग होडीनं माल कोण नेणार? दहाएक वर्षांतच कालवा बंद पडला आणि गाळानं भरून गेला. शंभराहून जास्त वर्षं तो तसाच होता. १९९० च्या सुमारास तो पुन्हा खणायला घेतला आणि १९९४ साली उघडला. कालव्याचं एक टोक एका देशात, दुसरं टोक दुसऱ्या देशात! दोन्हीकडच्या सरकारांनी मिळून हे काम केलं.

त्या रात्री बॅलिनामोर गावात एका आजींच्या घरी मुक्काम केला. त्यांनी गरम गरम सोडा ब्रेड, लोणी आणि दूध घातलेला कडक चहा पुढे केला. आयरिश लोक आपल्यासारखेच चहाबाज आहेत, बरं का! रात्रीचे दहा वाजले तरी बाहेर उजेड होता. जूनमध्ये तिथं सूर्य मावळायचं नावच घेत नाही.

सोल्यूशनची ट्यूब

दुसऱ्या दिवशी साठेक किलोमीटर जायचं होतं. दुपारपर्यंत झकास गेलं. आणि एका नदीजवळ माझ्या मागच्या चाकातून 'फुस्स' झालं.

पंक्चर! मी ऐटीत पाने काढले, टायर उतरवला, ट्यूब बाहेर काढली. छिद्र शोधायला घमेलं लागतं. पण पाण्याच्या मुलखात घमेलं कशाला? ट्यूब सरळ नदीत बुडवली. बुडबुडे आले, छिद्र सापडलं. आता ठिगळ लावायचं, तर सोल्यूशनची ट्यूब वाळून दगड झालेली. ती तपासून घ्यायचं काम माझं होतं. पुन्हा पाऊस सुरू झाला. नचिकेत काही बोलला नाही, पण त्याचं तोंड बघून मला सगळं समजलं.

तेवढ्यात पलीकडच्या शेतातून एक आजोबा आले. काय झालंय हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. घरी गेले आणि नवी ट्यूब घेऊन आले. ठिगळ वाळेपर्यंत त्यांनीच गोष्ट सुरू केली. हवा भरलेल्या ज्या टायरवर आज जग चालतं, तो बेलफास्टमध्ये १८८७-८८ साली जन्मला. डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी व्हावेत म्हणून तो बनवला. तशी कल्पना स्कॉटलंडच्या थॉमसन यांना चाळीस वर्षं आधीच सुचली होती. पण चालली ती डनलॉपची.

"म्हणजे पंक्चरही आमच्याच देशाची देणगी!" आजोबा हसून म्हणाले. मग त्यांनी पुढच्या पुलाकडे बोट केलं. "हा पूल नवा आहे. जुना माझ्या डोळ्यांदेखत गेला."

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेकडचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले, बाकीचा भाग स्वतंत्र झाला. १९६० च्या दशकाच्या शेवटी उत्तरेत हिंसाचार पेटला. तो तीस वर्षं चालला आणि त्यात साडेतीन हजारांहून जास्त माणसं मारली गेली. सीमेवरचे बहुतेक छोटे रस्ते सैन्यानं खड्डे पाडून, काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले. गावकरी रात्री खड्डे बुजवत, सैन्य ते पुन्हा खणत असे. आणि अघालेनचा हा पूल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉम्बनं उडवला गेला.

"माझा शाळेतला दोस्त त्या तीरावर राहायचा," आजोबा म्हणाले. "इथून हाक मारली तर ऐकू जायचं. पण भेटायचं तर भलामोठा वळसा. हळूहळू जाणं कमी झालं. तो आजारी पडल्याचं मला उशिरा कळलं."

नचिकेतनं विचारलं, "मग तुम्ही भेटलात?"

आजोबांनी मान हलवली. "पूल झाला १९९९ मध्ये. तो त्याच्या आधीच गेला."

१९९८ च्या एप्रिलमध्ये शांततेचा करार झाला. त्या बोलण्यांचे अध्यक्ष होते अमेरिकेचे सिनेटर जॉर्ज मिचेल. नव्या पुलाला त्यांचंच नाव दिलं आहे. २०२० मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, तरी या सीमेवर रस्त्यात तपासणी नाकी आली नाहीत. दोन्हीकडे चालेल असा व्हिसा मी घेऊन ठेवला होता. पण तो दाखवा म्हणणारं वाटेत कुणीच नव्हतं.

ठिगळ बसलं. आजोबांनी सोल्यूशनचे पैसे घेतले नाहीत.

अकरा कबुतरं

पूल ओलांडायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. देश बदलला हे कसं कळलं? नचिकेतनं यादीच केली. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली. पाट्यांवर किलोमीटरऐवजी मैल आले. हिरव्या टपालपेट्या लाल झाल्या. युरो संपले, पौंड सुरू झाले. गवत, गाई आणि पाऊस मात्र तेच!

संध्याकाळी एनिस्किलन गाठलं. हे गावच मुळी एका बेटावर वसलेलं आहे. वरचं आणि खालचं अशा दोन अर्न तळ्यांच्या मधोमध. वर्षात जितके दिवस, तितकी बेटं या तळ्यांत आहेत, असं इथले लोक म्हणतात. गावात युद्धात कामी आलेल्यांचं स्मारक आहे. ८ नोव्हेंबर १९८७ रोजी तिथं लोक श्रद्धांजली वाहायला जमले असताना बॉम्बस्फोट झाला. अकरा माणसं गेली. बारावे गृहस्थ तेरा वर्षं बेशुद्ध राहून २००० साली वारले. स्मारकावर नंतर धातूची कबुतरं बसवली आहेत. नचिकेतनं ती मोजली. अकरा. मग त्यानं विचारलं, "मामा, ते आजोबा इतकं सगळं बघूनही इतके छान कसे?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला सुचलं तर बघा.

तिसऱ्या दिवशी आम्ही डेव्हनिश बेटासमोरच्या काठावर गेलो. सहाव्या शतकात तिथं संत मोलाइश यांनी मठ स्थापला होता. पुढे बाराव्या शतकात बांधलेला सुमारे पंचवीस मीटर उंचीचा गोल दगडी मनोरा अजून उभा आहे. तळ्यावर धुकं होतं आणि मनोऱ्याचं फक्त टोक दिसत होतं.

आम्ही सोबत आणलेल्या पोळीभाजीचा डबा उघडला, एवढ्यात नचिकेतनं माझा हात घट्ट धरला. बोरूच्या काडीवर एक चिमणीएवढा पक्षी बसला होता. पाठ चमकदार निळी, पोट नारिंगी. क्षणात त्यानं सूर मारला, मासा टिपला आणि पाण्याला लागून सरळ रेषेत निघून गेला. फोटो? कसला काढतोय! पोळीचा घास हातातच राहिला होता.

"मामा, हा तर आजीच्या विहिरीवरचाच!"

अगदी खरं. युरोपातला हा खंड्या आणि आपल्याकडचा छोटा खंड्या, दोघांची जात एकच.

डब्लिनला परतल्यावर नचिकेतनं दोन कामं केली. आधी आजीला फोन करून खंड्या दिसल्याचं सांगितलं. मग पंक्चरच्या डब्यात सोल्यूशनच्या दोन नव्या ट्यूब ठेवल्या. एक आपल्यासाठी आणि एक, वाटेत कुणी अडलेलं भेटलंच तर त्याच्यासाठी.