चार्जिंगचा दिवा

मराठीच्या अध्यापकाने जीपच्या वायरिंगवर लिहावे, हे जरा विपरीतच आहे. पण ज्या काळात मी पाठचिकित्सा शिकवत होतो, म्हणजे दोन प्रती एकत्र आल्या की चूक कुठे शिरते हे मुलांना फळ्यावर समजावत होतो, त्याच काळात आमच्या दारात तसाच एक पाठ उभा होता आणि मला तो वाचता येत नव्हता. ही गोष्ट १९९४ची.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जीप पेट्रोलची होती. साठच्या दशकातली महिंद्राची सीजे-३बी. पेट्रोल परवडेना म्हणून तिच्यात प्यूजोचे डिझेल इंजिन बसवावे, हा हट्ट माझा. अण्णांना ते पटले नव्हते. "इंजिन तिचं आहे ते," एवढेच ते म्हणाले आणि गप्प बसले. त्यांचे गप्प बसणे म्हणजे संमती, असा सोयीचा अर्थ मी लावला. अपघातात सापडलेल्या एका गाडीचे इंजिन मिळाले, आर.टी.ओ.च्या पुस्तकात नोंद झाली, आणि त्या इंजिनाबरोबर जुन्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला.

चौथ्या दिवशी बॅटरी उतरली.

पहिला दोष लवकर सापडला. नवे इंजिन रबराच्या गाद्यांवर बसते, त्यामुळे त्याला चासीशी जोडणारी तांब्याची अर्थिंगची पट्टी लागते. इंजिन बसवणारा ती लावायला विसरला होता. स्टार्टरचा प्रचंड प्रवाह परतीची वाट शोधत अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जात होता. केबलला हात लावला तर चटका बसे. पट्टी लावल्यावर स्टार्टर खणखणीत फिरू लागला आणि आम्ही प्रकरण मिटले असे समजलो. एक चूक सापडली की दुसरीचा शोध थांबतो, हा संपादकांचाही जुना रोग आहे.

बॅटरी पुन्हा उतरली. ती बदलली, नवीही उतरली. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याकडून मल्टिमीटर आणून मी रोज मोजत असे. इंजिन बंद असताना बारा व्होल्टच्या किंचित वर, आणि चालू असतानाही तेवढेच. चौदाच्या आसपास जायला हवे होते. अल्टरनेटर काढून कऱ्हाडला नेला, तर वायरमनच्या बेंचवर त्याने सव्वाचौदा व्होल्ट दिले. "यात काही नाही, सर," वायरमन म्हणाला. परत बसवला, पुन्हा बारा. बेंचवर चालतो आणि गाडीत चालत नाही, या वाक्याने मी पंधरा दिवस हैराण होतो.

त्यातच एका पावसाळी रात्री आईला कऱ्हाडच्या दवाखान्यातून पाटणला घेऊन निघालो. वाटेत दिवे आधी पिवळे पडले, मग काजव्याएवढे उरले. डिझेलचे ते इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज नसते. ते घरघरत राहिले, आम्हाला मात्र रस्ता दिसेना. एका एस.टी.च्या मागे, तिच्या लाल दिव्यांकडे पाहत, अण्णांनी गाडी घरी आणली. इंजिन बंद पडले असते तर पुन्हा सुरू झाले नसते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. आईला ठाऊक नव्हते. ती मागे झोपली होती. घरी पोचल्यावर अण्णा मला एक शब्दही बोलले नाहीत, आणि तेच मला सर्वांत जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी पाटणचे एक जुने वायरमन चाचा आले. त्यांच्याकडे मीटर नव्हता. पार्किंगच्या दिव्याचा एक बल्ब आणि त्याला डकवलेल्या दोन वायरी, एवढेच हत्यार. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी अण्णांना विचारले, "अण्णा, काटा कधीच उजवीकडं येत नाही का?"

जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर चार्जिंगचा दिवा नसतो, अँमीटर असतो. अण्णा वर्षानुवर्षे तो काटा वाचत आले होते. ते म्हणाले, "येतो की. कुंभार्ली उतरताना, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडायला लागलं की उठतो. मग चिपळूणला गाडी बंद करेपर्यंत बसत नाही."

मी थक्क झालो. "हे मला का नाही सांगितलंत?"

"तू मीटर लावून बघत होतास."

चाचा हसले. "सर, हा डायनॅमो नाही. तो आपला आपण उठतो. याला कुणीतरी उठवावं लागतं." डायनॅमोच्या लोखंडात आदल्या फेरीचे चुंबकत्व थोडे शिल्लक राहते. त्या आठवणीवर तो पुन्हा वीज करू लागतो. अल्टरनेटरची ही आठवण फार क्षीण असते. वेग खूप वाढला तरच ती पुरते, म्हणून घाटात काटा उठत होता. एरवी त्याला किल्लीकडून थोडा प्रवाह द्यावा लागतो, आणि तो ज्या वाटेने येतो ती वाट म्हणजे डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा. बेंचवर वायरमन तो प्रवाह हाताने देत होता. आमच्या जीपमध्ये दिवाच नव्हता, म्हणून अल्टरनेटरच्या बारीक टोकाची वायर कुठेच न जोडता टेपने गुंडाळून ठेवली होती. मी ती कितीदा पाहिली होती! दिवा फक्त बातमी देतो, असे मी धरून चाललो होतो. तो मंडलाचा भाग असेल, असे मनातही आले नाही.

चाचांनी त्यांचा तपासणीचा बल्बच किल्लीची वायर आणि ते टोक यांच्यामध्ये धरला. किल्ली फिरवली, बल्ब पेटला. इंजिन सुरू केले, किंचित रेस दिली आणि बल्ब विझला. दोन्ही बाजूंना सारखाच दाब आला की त्यातून प्रवाह जात नाही, म्हणून तो विझतो. काटा उजवीकडे गेला. थेट वायरच का जोडू नये, असे मी विचारले. "किल्ली बंद केलीत तरी हा उलट वीज देत बसेल," चाचा म्हणाले, "मध्ये कुणीतरी अडवणारं पाहिजे." जाताना त्यांनी जुनी बारीक वायर काढून अँमीटरपर्यंत जाड वायरही टाकली. डायनॅमोच्या मानाने अल्टरनेटरचा प्रवाह मोठा होता.

अण्णांनी डॅशबोर्डला स्वतः भोक पाडून तो दिवा बसवला. नंतरही ते पाहत काट्याकडेच.

ते २००३ साली गेले. जीप आता पुतण्याकडे आहे. २०२१मध्ये एका संध्याकाळी त्याचा चिपळूणहून फोन आला, "काका, चार्जिंग होत नाहीये. अल्टरनेटर गेला बहुतेक. इथं मेकॅनिक उघडतोय."

"डॅशबोर्डचे दिवे बदललेस का?"

तो क्षणभर गप्प झाला. "हो, सगळे एलईडी केले. का?"

एलईडीतून जाणारा प्रवाह इतका थोडा असतो की तो त्या म्हाताऱ्याला उठवायला पुरत नाही. मी म्हणालो, "त्याला उघडू देऊ नकोस. जुना बल्ब कुठं टाकलास ते आठव. आणि आजच निघायचं असेल, तर सुरू केल्यावर जागेवरच चांगली रेस दे आणि काटा बघ."

"काटा चालतो अजून?"

"तू बघ तर."