पोटखराबा

सातबाऱ्यावर त्याची बोळवण एका ओळीत होते: पोटखराबा, वर्ग अ. म्हणजे लागवडीस अयोग्य. आम्ही त्याला नुसतं माळ म्हणतो. हिंगोलीहून औंढ्याकडं निघालं की मुरमाच्या टेकाडांवर तो उताणा पडलेला दिसतो.

त्याचा धाकटा भाऊ पूर्णेच्या बाजूला, वसमतला. काळाभोर, खोल, हळदीनं माखलेला. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. कौतुक सगळं त्याचंच. बहीण कयाधूकाठची, नर्सी नामदेवचं पुण्य पदरात असलेली. थोरला हा. धाकट्यांच्या अंगावरची काळी माती म्हणजे याच काळ्या खडकाची झीज, पण ते कोण बोलून दाखवतंय?

स्वभाव तुसडा. पाऊस सरला, कुसळी पिकली, की माळावरून आलेला माणूस ओट्यावर टेकून आधी धोतर निवडत बसतो. एक कुसळ तळहातावर घ्या आणि थुंकीचं बोट लावा. पिळलेली शेपटी उलगडत गरगर फिरू लागते. टोकाशी मागं वळलेले केस असतात, एकदा रुतलं की माघार नाही. ओल आली की उलगडायचं, ऊन पडलं की पीळ खायचा, असं करत बी जमिनीत उतरतं. ना तिफण, ना चाडं. लागवडीस अयोग्य माणसाची ही पेरणी! मेंढरंवाले कोवळेपणी हेच गवत चारतात. कुसळं धरली की कळप हलवतात, कारण ती मेंढीच्या कातड्यातही अशीच शिरतात.

टिटवीशी मात्र याचं गूळपीठ. उघड्या खड्यांत ती अंडी घालते आणि तो ती खड्यांत खडा करून लपवतो.

वृक्षारोपणवाल्यांचा याच्यावर फार डोळा. उघडा दिसला की खणा खड्डे! अरे, तो उघडा नाही, गवत नेसलाय. पळस, बोर, बिबा यांना त्यानं आपणहून जागा दिलीय, तेवढी त्याला पुरते. झाडं विरळ म्हणजे जंगल बिघडलं, असं समजून जगातल्या कितीतरी गवताळ मुलखांवर हेच उपचार झालेत.

औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोसाठी जागा घेतली, प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांची. शहर, रेल्वे, कारखाने यांच्या धडधडीपासून लांबची जमीन हवी होती. थोरल्याच्या गप्प बसण्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी भाव दिला.

परवा आमच्या बांधापलीकडं पोकलेननं त्याचं एक टेकाड फोडलं, वर तळ्यातला गाळ टाकला, सोयाबीन पेरलं. पोटखराबा वहितीत आला. पंधरा-वीस दिवसांत दोन तासांच्या मधून कुसळीनं डोकं काढलं. खुरपणाऱ्या बाया तिला तण म्हणतात.