दुभाषी उद्घाटनापुरती

प्रमाणपत्रावर माझं नाव 'शोधनिबंध सादरकर्त्या' म्हणून छापून आलं आणि आमच्या चित्रकलेच्या सरांचं 'सहभागी' म्हणून. निबंध सरांचा. एसटीने गावोगाव हिंडून माजी विद्यार्थ्यांना गाठलं ते सरांनी, खुणांची रेखाटनं केली ती सरांनी, व्यासपीठावर उभे राहिले तेही सरच. मी त्यांच्या हातांचं बोलून दाखवत होते, एवढंच. आयोजकांना फोन लावला तर पलीकडून उत्तर, "पण मॅडम, बोललात तर तुम्हीच ना?"

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कर्णबधिर विद्यालयात शिकवते. सर आमच्याच शाळेत शिकले आणि आमच्याच शाळेत लागले. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. एका विद्यापीठात ग्रामनामांवर दोन दिवसांचं चर्चासत्र होतं, त्यात एक सत्र शिक्षणाचं. २३ सप्टेंबरचा सांकेतिक भाषा दिन जवळ आला होता आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारतीय सांकेतिक भाषेचा उल्लेख आहे, तेव्हा आमच्यासारख्यांना बोलावणं येतं. आलं, आम्ही गेलो.

आमच्या वसतिगृहातली मुलं गावांना काय म्हणतात ते सांगते. पंढरपूर म्हणजे कमरेवर दोन्ही हात. जेजुरी म्हणजे मूठभर भंडारा वर उधळायचा. वाईला ढोल्या गणपतीचं पोट आणि सोंड. लोणंदला कांद्याचा बाजार मोठा, म्हणून डोळे चोळायचे. एका मुलीचं गाव खुर्द आणि तिच्या मैत्रिणीचं त्याच नावाचं बुद्रुक. फारसीतून आलेले हे धाकटे-थोरले या पोरींना सांगून काय उपयोग? एकीच्या गावाला पाण्याची टाकी, दुसरीच्या गावाला पारावरचा वड, झाली दोन नावं. ओठांवरून वाचायला लावलंत तर प, ब आणि म एकसारखेच दिसतात आणि क, ग तर घशातच राहतात. निम्मा महाराष्ट्र तिथेच हुकतो.

सरांच्या निबंधाचा जीव मात्र कोयनेत होता. पाटण तालुक्यातले एक माजी विद्यार्थी, आता साठी ओलांडलेले, कोयनानगरची खूण वेगळीच करतात. दोन्ही तळवे पालथे, छातीशी धरून थरथरवायचे आणि मग एक हात दुसऱ्यावर कोसळू द्यायचा. आजची मुलं एक हात भिंतीसारखा आडवा धरतात आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यावरून खाली सांडतात, म्हणजे धरणाचे दरवाजे उघडले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते काका लहान होते. घरातले ओरडले असतील ते त्यांना ऐकू आलं नाही आणि अंधारात कुणाचे हात दिसले नाहीत. जमीन हलली तेवढीच कळली. पुढे त्यांच्या वयाच्या सगळ्या कर्णबधिरांनी तीच खूण धरली. सरांनी चार-पाच जणांकडून ती स्वतंत्रपणे करून घेतली, कुणाला सुचवलेली नाही. दोन पिढ्यांची दोन नावं एका गावाला, आणि मधे एक भूकंप. याहून चांगला निबंध त्या दोन दिवसांत कुणाचा होता, मला कुणी दाखवून द्यावं.

उद्घाटनाला दुभाषी होती. कुलगुरूंच्या शेजारी उभी, चांगलं काम करत होती, फोटोही निघाले. दीपप्रज्वलन आटोपल्यावर ती दिसेना. चौकशी केली तर कळलं, तिला उद्घाटनापुरतंच बोलावलं होतं आणि मानधनही तेवढंच. तिचा काही दोष नाही. मग दिवसभर प्रत्येक भाषण मी सरांना सांगत बसले. सर माझ्याकडे तोंड करून बसलेले, मी व्यासपीठाकडे पाठ करून. मागच्या रांगेतून एकांनी खांद्याला बोट लावलं, "मॅडम, हात जरा खाली घ्या, स्क्रीन दिसत नाही." सरांच्या आधीच्या वक्त्यांनी गावांच्या नावांतल्या 'वली'वर पाऊण तास घेतला. एकाच गावाची जुन्या दप्तरात आणि आजच्या सातबाऱ्यावर दोन वेगळी नावं आहेत हे त्यांनी दाखवलं, सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

सरांची पाळी आली. त्यांना पोडियममागे उभं केलं. पोडियम छातीपर्यंत, हात कुणाला दिसणार? मी खुणावलं, ते बाजूला आले. मग पहिली स्लाइड लागली आणि सवयीने कुणीतरी सभागृहाचे दिवे घालवले.

सर थांबले. मी पण थांबले. अंधारात मला त्यांचे हात दिसेनात, तर मी बोलू काय? स्वयंसेवकाला वाटलं मी विसरले. "कंटिन्यू करा मॅडम, माइक चालू आहे." मी म्हटलं, दिवे लावा. तो म्हणाला, मग स्लाइड नीट दिसणार नाही. मी पुन्हा म्हटलं, दिवे लावा. इतक्यात कुणी मोबाइलचा टॉर्च सरांच्या तोंडावर मारला. मदत म्हणूनच मारला असेल, पण सर डोळ्यांवर आडवा हात धरून उभे. शेवटी मागचे दोन दिवे लागले, पुढचे लागलेच नाहीत, बटणं कुठल्या खोलीत आहेत ते शिपायालाच माहीत आणि शिपाई चहाला गेलेला. या सगळ्यात गेलेला वेळ आमच्याच खात्यात धरला. सर त्या मंद उजेडात, जमेल तितके पुढे येऊन, खूण अन् खूण मोठी करून दाखवत होते. पंढरपूरला हशा पिकला, लोणंदला पिकला. कोयनेची थरथर सुरू झाली आणि घंटा वाजली.

अध्यक्ष विद्वान माणूस, त्यांची पुस्तकं मी वाचलेली. ते सरांकडे न बघता मला म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा, आवरतं घ्या." मी दोन मिनिटं मागितली. एक मिळालं. मग श्रोत्यांतून प्रश्न आला, "या खाणाखुणा झाल्या, मजेशीर आहेत, पण एका गावाला दोन खुणा असतील तर स्थलनाम म्हणायचं कशाला?" तासापूर्वी याच सभागृहाने एका गावाच्या दोन नावांना टाळ्या दिल्या होत्या! मी प्रश्न सरांना सांगितला. त्यांनी फक्त आधीच्या वक्त्यांकडे बोट दाखवलं. हे बोलून कसं दाखवायचं? मी म्हटलं, "सर म्हणतात, त्यांना विचारा." थोडे लोक हसले.

१८८० साली मिलानमध्ये शिक्षकांची परिषद भरली आणि कर्णबधिर मुलांना बोलूनच शिकवायचं असं ठरलं. तो ठराव चुकीचा होता हे अशाच परिषदेने २०१० मध्ये व्हँकुव्हरला मान्य केलं. मधली कित्येक वर्षं जगभर मुलांच्या हातांवर पट्ट्या बसल्या, आमच्याकडेही. सर लहानपणी बाकाखाली हात धरून बोलायचे. हे सगळं मागे पडलं असं आम्ही प्रशिक्षणांत सांगत असतो.

आयोजकांना माझं सांगणं आहे. दिवसभराचं सत्र असेल तर दुभाषी दोन लागतात आणि त्यांना आलटून पालटून काम द्यावं लागतं. हातांनी बोलणारा वक्ता असेल तर त्याच्यावरचे दिवे चालू ठेवा, पोडियम बाजूला घ्या आणि बटणांजवळ माणूस उभा करा. फुलांच्या गुच्छांतून आणि स्मृतिचिन्हांतून हा खर्च सहज निघतो. इतिवृत्तासाठी निबंध मागवलात तर खुणांची रेखाटनंही छापा. आम्हाला निरोप आला, 'फक्त मजकूर, युनिकोडमध्ये, चित्रं नकोत, खुणांचं वर्णन शब्दांत करावं.'

आता हे सगळं लिहिलं, पण वर्गात मी काय करते? दहावीनंतर आमची मुलं पुण्या-मुंबईला आयटीआयला जातात, तिथे कोल्हापूरची, नागपूरची, दुसऱ्या राज्यातलीही मुलं भेटतात. टाकी आणि वड त्यांना कसे समजणार? दिल्लीच्या सांकेतिक भाषा संशोधन केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांचा झाला, मी तोच लावते. जिल्ह्यांसाठीही सगळीकडे चालेल अशीच खूण घोटून घेते. कुणी कांद्याची केली की "परीक्षेत ही चालेल का?" म्हणून दटावते. सर हे बघतात आणि आमचं वाजतं. धोरणात स्थानिक खुणांचा मान राखा असंही लिहिलंय, ते वाक्य ते मला फळ्यावर लिहून दाखवतात. मी म्हणते, धोरण लिहिणाऱ्यांना ही मुलं नोकरीला लावायची नाहीत. त्या सभागृहात मी ज्या खुणांसाठी भांडले त्याच शाळेत मागे सारते, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. मुलं वसतिगृहात काय करायचं ते करतातच.

परत येताना मी गाडीत धुमसत होते, सर मजेत होते. चहाच्या वेळी एका तरुण संशोधकाने त्यांना कागदावर लिहून विचारलं होतं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, मग खूण बदलली का? सरांनी लिहिलं, आमची खूण किल्ल्याची आहे, किल्ला तिथेच आहे. तो मुलगा पुढच्या महिन्यात शाळेत आला, दोन दिवस राहिला, पन्नासेक शब्द शिकून गेला. सरांच्या मते एवढ्यासाठी जाणं वसूल झालं. प्रमाणपत्रही त्यांनी फाइलला लावलंय. मी माझं परत पाठवलं, दुरुस्तीसाठी. अजून काही आलेलं नाही.

आता दुसऱ्या एका महाविद्यालयाचं निमंत्रण आलंय. मी म्हटलं, नको. सरांनी मला न विचारता उत्तर धाडलं: येतो, दिवे चालू हवेत, दुभाषी दोन हवेत, दिवसभर हवेत, आणि नाव माझं छापा. तिकडून विचारणा झाली की मॅडम सोबत येणार आहेत ना, म्हणजे दुभाष्यांचा खर्च वाचेल. सरांनी कळवलं, मॅडमना रजा नाही.

रजा आहे माझी. पण मी काही बोलले नाही.