नेपच्यूनला भेळ

शाळेच्या पुस्तकातली सूर्यमाला आठवतेय? सूर्याशेजारी सगळे ग्रह, विरार लोकलमधल्यासारखे एकमेकांना खेटून. ते चित्र साफ खोटं आहे. खरं प्रमाण पानावर मावतच नाही. मला त्यासाठी अख्खा मरीन ड्राइव्ह लागला.

निमित्त बाबांचं. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी हळूहळू वाढवत रोज तीन किलोमीटर चालायला सांगितलेलं, आणि बाबा गेटपर्यंत जाऊन परत! फ्रीलान्सरला काय, वेळच वेळ, या न्यायाने ड्युटी माझ्याकडे आली. पण रिटायर्ड बँकवाल्याला हेल्थचे फंडे देऊन उपयोग नसतो, आकडे द्यावे लागतात.

मग हिशोब मांडला. पृथ्वी-सूर्य अंतर, म्हणजे पंधरा कोटी किलोमीटर, बरोबर शंभर मीटर. सूर्य उघडलेल्या छत्रीएवढा, ९३ सेंटिमीटर, नरिमन पॉइंटच्या टोकाला. टॅक्सीने सूर्यावर जायचं आणि चालत गिरगावातल्या घराकडे यायचं. ३९ मीटरवर बुध, साबुदाण्याएवढा. ७२ वर शुक्र, १०० वर पृथ्वी, दोन्ही वाटाणे. चंद्र पृथ्वीपासून जेमतेम २६ सेंटिमीटर. माणूस अजून तेवढाच गेलाय! १५२ वर मंगळ, मिरीचा दाणा. इथवर सगळं दोन-तीन मिनिटांत उरकतं, आणि मग नुसता कट्टा आणि समुद्र. मोसंबीएवढा गुरू थेट ५२० मीटरवर.

पहिल्या दिवशी बाबा मंगळावरच थांबले. ''आज एवढंच.'' हात छातीवर. आईला जो आळस वाटत होता, तो आळस नव्हता. मी गुपचूप टॅक्सी थांबवली.

गुरूला पंधरा दिवस लागले, शनीला (९६० मीटर) महिना. मध्येच बाबांनी स्वतःच गणित केलं: या मापात प्रकाश सेकंदाला फक्त २० सेंटिमीटर सरकतो. ''म्हणजे मी प्रकाशाच्या चौपट स्पीडने चालतोय!'' आइन्स्टाइनला हे चाललं नसतं, पण बाबा खूश. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ आपल्या मापात आत्ता कुठे बांद्र्याच्या पुढे पोचलंय, हे ऐकल्यावर तर त्यांनी शेजारच्या काकांनाही पिडलं.

शनी ते युरेनस जवळजवळ एक किलोमीटर, मध्ये काहीच नाही. तिथे बाबा तीनदा कट्ट्यावर बसले, खिशातली जिभेखालची गोळी चाचपली, आणि उठले. गेल्या रविवारी युरेनस झाला.

नेपच्यून तिथून आणखी अकराशे मीटर, चौपाटीपाशी.

''तिथे भेळ मिळेल ना गं?''

''मिळेल. शेव कमी घालून.''